शेटेबाई आणि बार्टफाडेन

पहिल्याच भेटीत शेटेबाईंनी मला अर्धा ग्लास पाणी दिलं.

मी पुण्याची. पाहुणचारात हात आखडता घेण्यावरून आमच्यावर होणारे सगळे विनोद मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण पाहुण्याला पाणीच अर्धं द्यायचं, हे आमच्या पेठेतसुद्धा कुणाला सुचलं नसतं. मी ग्लासाकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "घे. लागलं तर आणखी देते. उरलेलं ओतून द्यायची पद्धत नाही आमच्यात."

आमच्यात म्हणजे माण तालुक्यात. सातारा जिल्ह्याच्या त्या कोरड्या टोकाला, दहिवडीजवळच्या एका गावात बाईंनी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत काढली होती. त्यांचा धाकटा मुलगा मिलिंद जर्मनीत, ड्रेस्डेनला, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. मी तिथल्या इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी करत होते, आणि मिलिंदच्या घरी पिठलं-भाकरी मिळते एवढं कळल्यावर ओळख वाढवायला मला वेळ लागला नाही. बाई उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर यायच्या. मी त्यांचे दोन उन्हाळे पाहिले, २००२ चा आणि २००३ चा.

दिसायला लहानखुऱ्या, काटक. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि जुलै महिन्यातही अंगात स्वेटर. आवाज मात्र खणखणीत, चार वर्ग एकाच खोलीत सांभाळलेल्या बाईचा. ट्राममध्ये त्या माझ्याशी हळू बोलायच्या तेव्हासुद्धा पुढच्या दारापाशी उभे असलेले लोक मागे वळून बघायचे. मला त्या नावाने कधीच हाक मारायच्या नाहीत. "काय गं पुणेकरीण, जेवलीस का?" एवढंच. मी जेवलेली नसायचेच.

त्यांची एक लकब होती. कुणी काही विचारलं आणि उत्तर सोपं नसलं, की त्या चष्मा काढायच्या, पदराने दोन्ही काचा पुसायच्या, पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या आणि मग बोलायच्या. काचा पुसून झाल्यावर जे यायचं ते खरं असायचं, आणि पुष्कळदा ते "ठाऊक नाही" असंच असायचं. "ठाऊक नाही म्हणायला लाज कसली गं?" त्या म्हणायच्या. "मोठ्यांना थापा मारल्या तर मोठे बघून घेतात. पोरांना मारायच्या नाहीत. ती आपलं बोलणं धरून चालतात."

हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं. मिलिंदची मुलगी ईरा तेव्हा पाच वर्षांची होती. तिला लस टोचायला न्यायचं होतं आणि अश्विनी, तिची आई, "अजिबात दुखत नाही गं, मुंगी चावल्यासारखं" असं समजावत होती. ईराने आजीकडे बघितलं. बाईंनी चष्मा पुसला. "दुखेल," त्या म्हणाल्या. "मुंगीपेक्षा जास्त दुखेल. पण पटकन थांबेल. रडायचं असलं तर रड." अश्विनीने कपाळाला हात लावला. ईरा गेली, टोचून आली, रडली नाही, आणि घरी आल्यावर आजीला म्हणाली की दुखलं, पण पटकन थांबलं. हे सगळं जर्मनमध्ये. ईराला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. बाईंना जर्मनमधलं 'डांके'च्या पुढे काही येत नव्हतं. तरी त्या दोघींचं बोलणं तासन्‌तास चालायचं आणि मध्ये दुभाषा लागायचा नाही. मी इथे ईराचं बोलणं मराठीतच लिहितेय, एवढं लक्षात ठेवा.

मिलिंदने शहराबाहेर एक श्रेबरगार्टन घेतलं होतं. म्हणजे भाड्याने मिळणारा बागेचा छोटा तुकडा, अवजारांची एक लाकडी खोली, शेजारी तसेच आणखी तुकडे, आणि सगळ्यांवर एक नियमावली. कुंपण किती उंच, दुपारी आवाज कधी बंद, भाजीपाला किती जागेत. बाईंना हे नियम फार आवडले. "शाळेसारखं आहे," त्या म्हणाल्या आणि आल्या आल्या मेथी पेरून मोकळ्या झाल्या.

त्याच उन्हाळ्यात थोरल्या मुलाने, सतीशने, ॲरिझोनाहून बियांचं एक पाकीट पाठवलं. आई, हे फूल पाण्यावाचून जगतं, तुझ्याच गावचं शोभेल, असं फोनवर म्हणाला. पाकिटावर चित्र होतं. उंच बारीक दांडा, त्याला खाली झुकलेली लाल नळीसारखी फुलं, आणि एका फुलात लांब चोच खुपसून हवेत थांबलेला इवलासा हिरवट पक्षी.

बाईंनी चित्र बघितलं आणि लगेच ओळखलं. "हा तर आपला शिंजीर."

माणमध्ये शाळेच्या आवारात पांगारा होता, बाईंच्या दारात जास्वंद होती, आणि दोन्हींवर शिंजीर यायचे. त्यांना कुणी बोलवावं लागत नाही. लाल फूल लावलं की तो येतो, हे तिकडच्या कुठल्याही पोराला माहीत असतं. त्यामुळे ईराने चित्रावर बोट ठेवून "हा येईल का?" असं विचारलं तेव्हा बाईंनी चष्म्याला हातसुद्धा लावला नाही. "येईल की," त्या म्हणाल्या. "यंदा झाड मोठं होईल, पुढच्या उन्हाळ्यात फुलं धरतील. फुलं आली की हा येणार. मी सांगते ना."

मिलिंद बाउमार्क्टमधून, म्हणजे घरबांधणी-बागकामाच्या मोठ्या दुकानातून, खताची पोती घेऊन आला. बाईंनी ती मेथीकडे वळवली. फुलांसाठी त्यांनी अवजारांच्या खोलीमागचा विटांच्या तुकड्यांचा आणि रेतीचा ढीग पसंत केला. "ह्याला खाऊपिऊ घातलंत तर लाडावेल आणि मरेल," असं त्यांचं म्हणणं. रोपं वर आल्यावर शेजारच्या हेर लांगेंनी कुंपणावरून नाव सांगितलं, बार्टफाडेन. हेर लांगे म्हणजे आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेले उंच, गंभीर गृहस्थ. बार्टफाडेन म्हणजे दाढीतला धागा, असं मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठेवायचंच होतं तर जरा बरं नाव ठेवायचं."

जुलैअखेरीस बाई परत गेल्या आणि ऑगस्टमध्ये एल्बे नदीला पूर आला. पाणी बागेच्या फाटकातून आत शिरलं, मेथी, टोमॅटो, गुलाब सगळं कुजलं. विटांचा ढीग तेवढा उंचावर होता म्हणून बार्टफाडेन वाचला. ईराने हिवाळाभर तो पक्षी काढला. किंडरगार्टनच्या वहीत, फ्रिजवर, माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर. पक्षी हिरवा, फूल लाल, आणि बाजूला चष्मा लावलेली आजी.

पुढच्या वर्षी मेअखेरीस बाई आल्या तेव्हा गुडघ्यांची तक्रार वाढली होती आणि जिना चढताना त्या मध्येच थांबायच्या. विचारलं तर "छातीत जरा कळ येते" म्हणायच्या. आणि तो उन्हाळा म्हणजे काही विचारू नका. आदल्या वर्षी जिथे पाणी शिरलं होतं तिथे जमिनीला भेगा पडल्या. बागेच्या फाटकावर पाणी जपून वापरा अशी सूचना लागली. हॉर्टेन्झियाच्या झुडपांनी माना टाकल्या, माणसांनी शर्ट काढले. बाईंनी तेवढा स्वेटर काढला आणि म्हणाल्या, "आता कुठे ह्या देशात बरं वाटायला लागलंय."

हेर लांगे मात्र रोज पाइप धरून गवतावर पाणी मारत उभे. बाईंनी चारेक दिवस बघितलं. मग मला म्हणाल्या, "विचार त्यांना, गुरं आहेत का घरी?" मी विचारलं. लांगे म्हणाले, नाहीत. "मग गवत कुणासाठी?" लांगेंना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. ते पाइपाकडे बघत राहिले. मला शरमल्यासारखं झालं म्हणून मी त्यांना आमच्याकडे बोलावलं आणि बाईंनी रिवाजाप्रमाणे त्यांच्यापुढे अर्धा ग्लास पाणी ठेवलं. लांगेंनी ग्लास नाकापाशी नेला, मोठ्या गांभीर्याने 'प्रोस्ट' म्हणाले आणि एका घोटात रिकामा केला. त्यांना वाटलं श्नाप्स, म्हणजे इथली कडक दारू आहे. साधं पाणी आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की बाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. तेव्हापासून लांगे बाईंना सफरचंदाचा रस द्यायचे तो अर्धा ग्लास. आणि गवत पिवळं पडलं तरी त्यांचं काही बिघडलं नाही.

ईराला त्या ऑगस्टमध्ये शाळेत जायचं होतं. इकडे सॅक्सनीत शाळेत जाणाऱ्या मुलाला खाऊने भरलेला भला मोठा कागदी शंकू देतात, त्सुकरट्यूट. त्याआधी किंडरगार्टनमध्ये सांगतात की हे शंकू झाडाला लागतात. अंगणातल्या एका झाडाला मुलं रोज पाणी घालतात, आणि एके दिवशी सकाळी येऊन बघावं तर फांद्यांना छोटे छोटे शंकू लटकलेले. मला ही प्रथा फार गोड वाटते. ईरानेही महिनाभर पाणी घातलं, शंकू मिळाला, आणि घरी येऊन तिने आजीला विचारलं, खरंच झाडाला लागतात का?

चष्मा निघाला, पुसला गेला, चढला. "असं झाड मी पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण मी सगळी झाडं पाहिलेली नाहीत. तू काय पाहिलंस?"

ईरा म्हणाली, शंकूला दोरा होता.

"मग तो कुणीतरी बांधला असणार."

दुसऱ्या दिवशी ईराने ही बातमी सबंध गटाला दिली. दोन मुलं रडली. शिक्षिकेचा अश्विनीला फोन आला. संध्याकाळी अश्विनी सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, अहो, ती गंमत असते इथली."

"असेल की. मी कुठे नाही म्हणते? पण ईराने मला विचारलं."

"मग काहीतरी सांगायचं हो."

"काहीतरी कसं सांगू?" बाईंना खरोखरच प्रश्न पडला होता. अश्विनी समजूतदार. हसू आवरेना म्हणून ती आत गेली.

जुलैत बार्टफाडेन फुलला. विटांच्या त्या ढिगावर, आजूबाजूला सगळं करपलेलं असताना, कमरेइतके उंच दांडे आणि त्यांना लाल नळ्याच नळ्या. येणारे-जाणारे थांबून बघायचे. ईरा रोज किंडरगार्टन सुटलं की बागेत न्या म्हणून हट्ट करायची. ढिगासमोर उकिडवी बसायची आणि पक्ष्याची वाट बघायची. बाई तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. "उन्हं उतरली की येईल," म्हणायच्या. "त्याला अजून पत्ता लागला नसेल."

मग एका संध्याकाळी सतीशचा फोन आला. स्पीकरवर होता, मी तिथेच जेवत होते. फूल आलं, आता शिंजिराची वाट बघतोय, असं बाईंनी सांगितलं. सतीश हसला. "आई, शिंजीर कुठला? तो हमिंगबर्ड आहे. इथे माझ्या गॅलरीत येतो." मिलिंदही हसायला लागला. "आणि आई, तो युरोपात नाहीच. अमेरिकेबाहेर कुठेच नाही."

"बरं, मग शिंजीर तरी आहे ना इथे?"

"तोही नाही."

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसत राहिल्या, पुसत राहिल्या, आणि डोळ्यांवर न चढवताच म्हणाल्या, "मग मी ईराला वर्षभर काय सांगून ठेवलं?"

"सोड ना आई," मिलिंद म्हणाला. "मुलं विसरतात."

"तू विसरलास?" बाई म्हणाल्या. "चौथीत तुझे वडील सायकल आणतो म्हणाले होते. आणली नाही, ते तू अजून सांगतोस."

मिलिंदने भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घालून खाल्ला. रविवारी बागेत, त्या फुलासमोरच ईराला सांगायचं, असं बाईंनी ठरवलं. मिलिंद आणि अश्विनीने पुष्कळ समजावलं. दोन आठवड्यांनी तिची शाळा सुरू होतेय, आत्ता कशाला? बाईंचं म्हणणं एकच, ती रोज उन्हात जाऊन बसते आणि मी तिला बसू देते.

रविवारी मी थालीपिठाच्या लोभाने आणि काय होतंय या काळजीने गेले. बाईंनी सकाळपासून दोनदा "ईरा, इकडे ये" म्हणून हाक मारली आणि दोन्ही वेळा ती आल्यावर तिला भलतंच काहीतरी आणायला पाठवलं. त्यांना मी असं कधीच बघितलं नव्हतं. तिसऱ्यांदा ईराच बोलली, अगदी हळू, श्वास रोखून. "ओमा. कोलिब्री." आजी, तो पक्षी.

आम्ही सगळे वळलो. लाल फुलासमोर काहीतरी हवेत थांबलं होतं. पंख दिसत नव्हते, नुसता थरथरता धुरकट गोल, आणि पुढे लांब सोंड फुलात गेलेली. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर, तसंच अधांतरी. अगदी पाकिटावरच्यासारखं. ईराचे दोन्ही हात तोंडावर होते.

हेर लांगे कुंपणापाशी आले आणि माझ्या कानात म्हणाले, तो पतंग आहे, टाउबनश्वेंत्सखेन, उन्हाळा कडक असला की दक्षिणेकडून येतो. पण पोरीला सांगू नका. मी ते तिघांना हळूच मराठीत सांगितलं. मिलिंद पटकन कुजबुजला, "आई, आला बघ पक्षी. आता तू काही बोलू नकोस." अश्विनीही हळूच म्हणाली, "आई, असू दे अहो. किती खूश आहे ती." मलाही मनापासून वाटत होतं की बाईंनी गप्प बसावं. आपोआप त्यांचा शब्द खरा झाला होता. नुसतं काही न बोलता उभं राहायचं होतं.

बाई गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली वाकल्या, फुलापर्यंत. नीट बघितलं. मग सरळ झाल्या आणि त्यांनी चष्मा काढला.

ईराने ते बघितलं. आजी चष्मा पुसतेय हे बघूनच त्या पोरीचा चेहरा उतरला. बाईंनी तोंडही उघडलं नव्हतं.

"ईरा, हा पक्षी नाही गं. डोक्यावर मिश्या आहेत बघ त्याला. पिसं नाहीत. पतंग आहे हा. पाकिटावरचा पक्षी इथे येत नाही. कधीच येत नाही. मला ठाऊक नव्हतं आणि मी तुला येणार म्हणून सांगितलं. माझं चुकलं."

"तू म्हणाली होतीस," ईरा म्हणाली.

"हो."

"तू म्हणाली होतीस, मी सांगते ना."

"हो. म्हणाले होते."

ईरा अवजारांच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावून बसली. पतंग अजून फुलांवर होता, पण आता त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

त्यानंतर ती आजीशी बोलेना. शाळेच्या पहिल्या दिवशी, तो मोठा शंकू फोडल्यावर, तिने सगळ्यांना चॉकलेटं वाटली. मला दिलं, हेर लांगेंना दिलं, आजीला ओलांडून पुढे गेली. बाई बाकावर बसल्या होत्या. पुढे झालेला हात त्यांनी हळूच मांडीवर घेतला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. परत येताना ट्राममध्ये त्यांनी विचारलं, "मी बरोबर केलं का गं, पुणेकरीण?"

मी म्हटलं, "ठाऊक नाही, बाई."

"मलाही," त्या म्हणाल्या. पुढच्या दारापाशी कुणीही वळून बघितलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी त्या निघाल्या. ड्रेस्डेनच्या विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. गुडघ्यांमुळे त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची मागवली होती आणि त्यात त्या अंग चोरून बसल्या होत्या. छातीच्या दुखण्यासाठी इथे डॉक्टरना दाखवलं होतं. पुन्हा एवढा प्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते मिलिंदला माहीत होतं, अश्विनीला माहीत होतं, मला माहीत होतं. ईराला कुणी सांगितलं नव्हतं.

ती पाठीवर दप्तर लावूनच आली होती, काढायला तयार नव्हती. खुर्ची घेऊन जायला माणूस आला तेव्हा मिलिंद घाईघाईने म्हणाला, "ईरा, आजीला टाटा कर. आजी पुढच्या मे महिन्यात परत येणार आहे. हो ना आई?" अश्विनी म्हणाली, "येणारच. आणि ईरा तोवर आजीला जर्मन वाचून दाखवणार."

ईराने दोघांकडे बघितलं. मग ती चालत खुर्चीपाशी गेली. गेले दोन-तीन आठवडे जिच्याशी ती एक अक्षर बोलली नव्हती, त्या आजीच्या डोळ्यांवरचा चष्मा तिने दोन्ही हातांनी काढला. फ्रॉकच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी पुसली. आणि चष्मा परत आजीच्या हातात दिला.

"साग डू," ती म्हणाली. तू सांग.

मिलिंद काहीतरी बोलायला गेला. अश्विनीने त्याचा हात धरला.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नाही येणार, बाळ," त्या म्हणाल्या. "छातीत दुखतं माझ्या. डॉक्टर एवढ्या लांब सोडत नाहीत आता. तू ये तिकडे."

ईराने मान डोलावली आणि मग दप्तरासकट ती त्यांच्या मांडीवर पडली आणि मोठ्याने रडायला लागली. बाई तिच्या पाठीवरून, म्हणजे दप्तरावरूनच, हात फिरवत राहिल्या. "फुलाचं बी घेतलंय मी. दारात लावते. आपल्याकडचा शिंजीर त्याच्यावर येतो का बघू. येईलच असं म्हणत नाही हं."

खुर्ची ढकलणारा माणूस भला होता, तो थांबला. मग ईरा उठली आणि खुर्ची काचेच्या दारापलीकडे गेली. त्यानंतर मी शेटेबाईंना पाहिलं नाही. दार बंद व्हायच्या आधी त्यांनी मागे वळून हात केला. ईराच्या फ्रॉकला चॉकलेट लागलेलं होतं आणि ते चष्म्याच्या दोन्ही काचांवर पसरलं होतं. बाईंनी ते पुसलं नव्हतं.